माहेरची मूठ

दामिनीच्या लग्नात वरात यायला उशीर झाला, जेवणावळीत कढी कमी पडली आणि बँडवाल्याचा सूर शेवटपर्यंत लागला नाही. पण पाहुण्यांच्या तोंडी विषय एकच होता. नवरीची थोरली बहीण मोठी शास्त्रज्ञ आहे म्हणे, तिनं लाखीतलं विष काढलं म्हणे. येणारी प्रत्येक बाई आधी नवरीकडे बघायची आणि लगेच मान वळवून चेतनाला शोधायची.

आता लाख म्हणजे काय, हे झाडीपट्टीबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. लाख म्हणजे लाखोळीची डाळ. गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांच्या मुलखात धान कापायच्या आधीच, बांधीतला म्हणजे धानाच्या वाफ्यातला चिखल ओला असताना, उभ्या धानात हिचं बी फेकून देतात. नांगर नको, खत नको, वेगळं पाणी नको. धान कापून झालं की खालून ही वर येते. दिसायला तुरीसारखी, चवीला बरी, आणि दुष्काळात सगळं रान करपलं तरी ही बया आपली हिरवीगार. खोट एकच. दुसरं काही नाही म्हणून तिन्ही त्रिकाळ, महिनोन् महिने हीच खाल्ली, तर माणसाचे पाय घेते. जीव घेत नाही. जीव घेतला असता तर लोकांनी कधीच टाकून दिली असती.

चेतनाच्या आज्याचे पाय असेच गेले होते. तरणाबांड असताना तो सालदार होता आणि मजुरी म्हणून त्याला लाखच मिळायची. चेतनाला आठवतो तो टाचा उचलून, गुडघ्यावर गुडघा घासत, पायांची कात्री करत अंगणात येणारा म्हातारा. त्याच्या चपलांचे पुढचे शेंडे झिजून जायचे, टाचा नव्याकोऱ्या राहायच्या. लहानपणी ती त्याच्या काठीचं दुसरं टोक धरून पुढे चालायची आणि त्याला वाटायचं आपणच नातीला फिरवतोय. आजीनं मात्र त्याचे पाय गेल्यापासून लाख कधी नुसती शिजवली नाही. उकळत्या पाण्यात भिजवायची, ते पाणी सांडायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा सांडायची, मग चुलीवर ठेवायची. विष पाण्यात विरघळतं, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

चेतना शिकली ती त्या चपलांपायी. आपल्या मज्जापेशींना एकमेकींना निरोप द्यायला एक रसायन लागतं. लाखीतलं विष हा त्या रसायनाचा तोतया. तो पेशीच्या दारावर जातो, तीच खूण सांगतो, दार उघडतं. खरं रसायन काम झालं की निघून जातं. हा दारातच ठाण मांडतो. पेशी न थांबता राबत राहते आणि राबून राबून मरते. पहिला बळी जातो तो मेंदूकडून कंबरेपर्यंत उतरणाऱ्या लांब पेशींचा, म्हणजे पाय ज्यांच्या हुकमात असतात त्यांचा. एकदा मेलेली ती पेशी पुन्हा होत नाही, कुठल्याही औषधानं होत नाही. चेतनाच्या संशोधन केंद्रानं लाखीच्या जनुकांमधला विष घडवणारा तेवढा कारखाना अलगद कातरून बंद पाडला आणि नव्या वाणाचं नाव ठेवलं निर्मळ.

अट एकच होती, आसपास जुनी लाख नको. लाखीच्या फुलांवर मधमाश्या बसतात. जुन्या झाडाचा पराग निर्मळच्या फुलावर पडला की पुढच्या बियांत चालू कारखाना परत येतो, आणि बापाकडून आलेली एक चालू प्रत विष करायला पुरेशी असते. म्हणून चेतनाच्या माणसांनी गावोगाव फिरून घराघरातलं जुनं बी गोळा केलं आणि त्याच्या बदल्यात निर्मळ दिलं. दाणे तपासायला हातात मावेल असं एक यंत्र होतं. लोकांनी त्याला नाव ठेवलं चाखणी. चिमूटभर पीठ घातलं की चाखणीवर निळा दिवा लागायचा, विष असलं तर लाल. ओळीनं तीन हंगाम निळा लागला की ते गाव मोकळं आणि चाखणी पुढच्या तालुक्यात. मग चेतनाच्याच आवाजातला निरोप फोनवर आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर वाजू लागला: "आता लाखीचं पाणी सांडू नका. त्या पाण्यात जीवनसत्त्वं असतात."

तर अशा चेतनाच्या बहिणीचं लग्न. पाठवणीच्या आधी ती आतल्या खोलीत गेली, तर माय दामिनीच्या शालूच्या पदराला गाठ मारत होती.

"माय, काय बांधतेस?"

"बीमूठ." मायनं मान वर केली नाही. "पोरगी निघाली सासरी. रिकाम्या पदरानं धाडू का?"

कापगत्यांच्या घरची ही जुनी रीत. नवरीनं माहेरच्या लाखीची मूठ पदरात न्यायची, पहिल्या हंगामात आपल्या हातानं सासरच्या बांधीच्या कोपऱ्यात फेकायची. ती मूठ उगवली की सून त्या घरची झाली. चेतनानं गाठ चाचपली. दाणे बारीक होते, टोकदार. निर्मळचा दाणा टपोरा असतो.

"हे जुनं बी आहे. तुझ्याकडे कुठून आलं? आम्ही तर सगळं नेलं होतं."

"सगळ्या गावाचं नेलं तुम्ही. माह्या सासूच्या मडक्यातलं मी नाई देल्लं." माय आता सरळ बघत होती. "तुहं बी सरकारी थैलीतलं. थैलीतलं बी माहेरचं कसं होईन, सांग बरं मले?"

हळदीनं पिवळी झालेली दामिनी मध्येच खिदळली. "जळते व माय ही! हिचं लगन झालं असतं तं हिलेही भेटली असती मूठ."

"गप बस तू," चेतना म्हणाली, पण तिलाही हसू आलं. बाहेरून कुणीतरी आरोळी ठोकली, गाडी लावली म्हणून. चेतनानं मनातल्या मनात हिशेब केला. दामिनीच्या सासरच्या, गहाण्यांच्या एवढ्या मोठ्या बांधीत एक मूठ. त्यातली निम्मी पाखरं खातील, उरलेली धान कापताना पायाखाली जाईल. आणि मायचं तोंड असं झालं होतं की आता नाही म्हटलं तर ती पाठवणीत रडायचीही विसरली असती.

"बांध व माय," ती म्हणाली. "एका मुठीनं काय होते!"

मायनं गाठ घट्ट आवळली.

दामिनीनं ती मूठ पेरली, उगवली, आणि ती गहाण्यांच्या घरची झाली. नवरा लोकेश स्वभावानं मोकळा, सासू तोंडानं फटकळ पण मनानं चांगली. वर्षाच्या आत मुलगा झाला. मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष नाही, ओळीनं तीन वर्षं. तळी आटली, धान लोंब्या धरायच्या आतच पिवळं पडलं. पहिल्याच दुष्काळात निर्मळसुद्धा मान टाकू लागली आणि केंद्रातल्या लोकांची तोंडं उतरली.

त्या वर्षी थंडी सरता सरता लोकेशचा फोन आला. पडद्यावर आधी त्याचं कपाळ, मग बांधी.

"ताई, बघा तुमची निर्मळ! सगळ्या शिवारात राख झाली, पण आमच्या त्या कोपऱ्यात बघा. कंबरेला लागते का नाई? लोकं दुरून पाहाले येऊन रायले."

चेतना बघतच राहिली. भोवती भाजलेलं रान आणि एका कोपऱ्यात निळ्या फुलांचा दाट पट्टा. तिला मूठ आठवली नाही असं नाही, आठवली. पण गेले काही महिने ती अशाच झाडाच्या शोधात होती, दुष्काळात तग धरणाऱ्या निर्मळच्या. आणि समोर ते झाड तिच्या बहिणीच्या शेतात उभं होतं. मनाला हवं ते समोर आलं की माणूस त्याची झडती घ्यायला जात नाही.

"लोकेशभाऊ, पिकलं की मला त्यातलं थोडं बी पाठवून द्या. तपासून घेते."

मळणी झाल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. "बी कुठचं, ताई? गावानं वाटून नेलं. चारी टोल्यांत, वाड्यावस्त्यांत गेलं. लेकी आल्या, त्याही पदरात घेऊन गेल्या." तो खुशीत हसला. "त्याचं नावच पडलं बघा, माहेरवाशीण."

चेतनाही हसली. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत तिनं त्या कोपऱ्याचं चित्र भिंतभर मोठं करून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दर दुष्काळात जी झाडं तगली त्यांचंच बी लोकांनी पुढच्या साली फेकलं. शेतकरी दुसरं काय करणार? पिढ्यान् पिढ्या तो असंच करत आला आहे. तिसऱ्या वर्षी त्या भागात माहेरवाशिणीशिवाय दुसरी लाख दिसेना, आणि लाखीशिवाय दुसरं खायला दिसेना.

"ताई, पाय वळून येतात व," तिसऱ्या उन्हाळ्यात दामिनी फोनवर म्हणाली. "पोटऱ्या दगडावानी होतात."

"दगदग होत असेल. कॅल्शियमच्या गोळ्या घे. डॉक्टरला दाखव."

"बरं," दामिनी म्हणाली. तिला नेहमीच चेतनाचं सगळं पटायचं.

पंधरवड्यानं चेतना त्या तालुक्यात बैठकीला गेली आणि वाट वाकडी करून बहिणीकडे डोकावली. दुपारची वेळ होती. घरात कुणी नव्हतं, सासू नातवाला घेऊन शेजारी गेली होती. चेतनानं ओट्यावर पिशवी ठेवली आणि हाक मारली. मागच्या अंगणातून दामिनीची ओ आली, आणि मग एक आवाज. जमिनीवर चपलेचा शेंडा घासत यावा तसा. फर्र, थांब. फर्र, थांब.

चेतनाला तो आवाज पाठ होता. बहीण दिसायच्या आधीच तिला सगळं कळून चुकलं होतं.

दामिनी दारात आली ती चौकट धरून. टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांवर घासलेले. हातातल्या तांब्यातलं निम्मं पाणी लुगड्यावर सांडलेलं. ती हसत होती.

"बस ना व! उभी काहून?"

"केव्हापासून?" चेतनानं विचारलं.

"होळीपासून. आधी नुसते अवघडले. मंग असे झाले." दामिनी भिंतीचा आधार घेत खाली बसली, पाय हातानं उचलून पुढे ठेवले. "गावात लय जणांचे झाले. लोकं म्हणतात गरमीनं झालं."

"खातेस काय तू?"

"काय खातो म्हंजे? लाख. रेशनचे तांदूळ पोराले अन् सासूले. आमी दोघं लाखीची भाकर, लाखीचं वरण. लोकेशले मजुरीच्या जागी जेवण भेटते, मी घरीच." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि ती घाईघाईनं म्हणाली, "पण मी एकदम तुह्या सांगण्यापरमान करते हां, ताई! एक थेंब पाणी सांडत नाई. सासू सांडाले जाये तं मी तिच्याशी भांडलो. तुहा आवाजच ऐकवला तिले फोनवर."

चेतना बाहेर गेली, गाडीतून चाखणी काढून आणली, डब्यातलं चिमूटभर पीठ तिच्यात घातलं. लाल दिवा लागला. शेजारून पीठ आणलं, तेही लाल. पुढच्या घरचं आणलं, तेही लालच. दामिनी प्रत्येक वेळी मान उंच करून दिव्याकडे बघत होती.

पुढचे आठ दिवस केंद्रात कुणाला झोप नव्हती. त्या बियांची जनुकं वाचली तेव्हा सगळा प्रकार उघडा पडला. त्या कोपऱ्यातली झाडं निर्मळ नव्हतीच. अर्धी जुनी होती, अर्धी माश्यांनी केलेली मिसळ. लाखीत विष असतं ते काही माणसाचं वाईट करायला नाही. ते झाडाचं स्वतःचं चिलखत आहे. किडीला दूर ठेवतं आणि उन्हाच्या तडाख्यात झाडाला धरून ठेवतं. चेतनानं ते चिलखतच उतरवलं होतं. बरे दिवस होते तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. दुष्काळ आला तसे नागवे मेले आणि चिलखतवाले तगले, आणि लोकांनी तगलेल्यांचंच बी धरलं. शिवाय पाणी जितकं कमी, तितकं विष जास्त.

केंद्राचे संचालक डॉ. सबनीस. त्यांनी चेतनाला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"चेतना, निर्मळ नापास म्हणून आपण सांगितलं तर उद्यापासून अकरा जिल्ह्यांतली डाळ बंद. बाकी ठिकाणी ती स्वच्छ आहे, मी स्वतः तपासून घेतलं. पण बंद म्हणजे बंद. लोक खातील काय? आणि नापास नाही म्हणायचं, तर हे झालं कसं, याचं उत्तर लागेल. आहे तुमच्याकडे?"

उत्तर होतं. तिनं दिलं. बीमुठीची रीत सांगितली, जुनं मडकं सांगितलं, माश्या सांगितल्या. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

"मूठ कुणाच्या घरातून गेली?"

"माझ्या आईच्या. माझ्या बहिणीच्या पदरातून."

सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाईट झालं. तुम्ही लग्नाला होतात ना?"

"होते."

"मूठ बांधली तेव्हा?"

चेतनानं खिडकीकडे बघितलं. "घरात गर्दी होती, सर."

सबनीसांनी त्यापुढे विचारलं नाही. निर्मळ वाचली. अकरा जिल्ह्यांत लोक जेवत राहिले, हे काही थोडंथोडकं नाही, असं चेतना स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. ते खरंही होतं. टीव्हीवर तज्ज्ञ आले, खेड्यातल्या अडाणी चालीरीतींवर तोंडसुख घेऊन गेले. कापगत्यांच्या घरात जाऊन कुणीतरी मडक्याचे तुकडे दाखवले. ते मायनं स्वतःच फोडलं होतं. माय त्या दिवसापासून अंगणात येईना. कुणी घरात गेलं तर दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची, चहाचा कप दिला तरी हात बाहेर काढायची नाही.

दामिनीच्या गावात चाळीसेक जणांचे पाय गेले होते. ज्या बायांनी कौतुकानं तिच्याकडून बी नेलं, त्यांच्याच घरातले नवरे, पोरं आता काठीवर आली. हिच्या पदरातून आलं, हे त्यांना टीव्हीनं सांगितलं. मग काय! हातपंपावर ती गेली की बाया हंडे उचलून निघून जायच्या. लोकेशला कुणी कामावर बोलवेना. सासूनं एकदाच, पण शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सून घरची झाली म्हणे. घर नेलं तिनं."

चेतना त्यानंतर गेली ती थंडीत, तपासलेल्या निर्मळचं पोतं गाडीत घालून. जमेल तितके दिवस तिनं स्वतःला काम लावून घेतलं होतं, पण कधीतरी जावंच लागणार होतं. दामिनी चुलीपुढे पाटावर बसली होती. शेजारी काठी. पातेल्यात उकळत्या पाण्यात केंद्रानं आधी पाठवलेली, तपासलेली लाख भिजत होती, वाफ वर येत होती. चेतना उंबऱ्यावर टेकली. बराच वेळ दोघी पोराबद्दल बोलल्या, थंडीबद्दल बोलल्या.

मग दामिनी म्हणाली, "लोकं विचारतात मले. तुही बहीण एवढी शिकलेली, तिले नाई समजलं का?"

दामिनीनं पळीनं लाख हलवली.

"मी सांगते, ते तिथं नोयती. ते पाव्हण्यांले पाणी देऊन रायली होती. माय पण हेच सांगते. आमी दोघींनी काई ठरवलं नाई हां. दोघींच्याही तोंडातून तेच निघालं."

"दामू, मी म्हणाले होते. मीच म्हणाले बांध म्हणून. मी आजच जाऊन सांगते सगळ्यांना..."

"आता सांगशीन?" दामिनीचा आवाज चढला, मग तिनं आत एकदा बघून तो खाली आणला. "अन् मंग? तुह्यावरचा भरोसा गेला तं हे पोतं कोन खाईन? लोकं म्हणतीन, ते बाईच खोटी, तिची डाळही खोटी. बांधीत दुसरं काई पिकत नाई. लोकं मंग चोरून जुनीच खातीन. माह्या पोराले काय घालू मी? सांग ना! दगड घालू?" तिनं लाकडाचा फाटा चुलीत ढकलला. "मी तुले माफ केलं, असं समजू नको. मले राग येते तुहा. निजताना पाय वळतात तवा तुहं नाव घेऊन शिव्या देतो मी. पण हे कोनाले सांगू नाई शकत. तूही सांगू नको. तुह्या जिवाले बरं वाटावं म्हणून माह्या पोराचं ताट नको काढू."

चेतना रडली. दामिनीनं तिला रडू दिलं, गप्प कर म्हणाली नाही. चुलीवर दुसऱ्या भांड्यात, गंजात पाणी उकळायला लागलं तेव्हा दामिनीनं पदरानं नाक पुसलं आणि पातेल्याकडे बोट दाखवलं.

"मले वाकून उचलता येत नाई. थे पाणी सांड."

"ही निर्मळ आहे, दामू. मी स्वतः तपासली. निळा..." चेतनाचं वाक्य तिच्याच तोंडात अडकलं. तिचा तोच आवाज, फोनवरचा, भोंग्यावरचा.

"सांड म्हणतो ना."

चेतनानं पातेलं उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि पाणी सांडलं. परत आली, दामिनीनं गंजातलं उकळतं पाणी वर ओतलं, लाख पुन्हा भिजेपर्यंत दोघी बसून राहिल्या, आणि चेतनानं तेही नेऊन सांडलं. आत आली तेव्हा दामिनीनं तिसरं पाणी चुलीवर ठेवलेलं होतं.